हाकेला ओ

आमच्या तालुक्याच्या मुन्सफीत पुकारा कुणाचाही होवो, ओ एकच बाई देत असे. नाव बाप्याचं असो की बाईचं, हिंदूचं असो की मुसलमानाचं, चपराशानं पायरीवर उभं राहून हाक घातली की समोरच्या लिंबाखालून खणखणीत आवाज यायचा, "हाजीर हाय!" आणि मग ती बाई पदर खोचून उठायची आणि हे नाव नक्की कुणाचं, ते शोधायला लागायची. आधी ओ, मग माणूस. नवख्याला वाटावं, तालुक्यातले सगळे दावे या एकटीनंच लावलेत. एका नव्या मुन्सफसाहेबांनी तर पहिल्याच दिवशी वैतागून विचारलं होतं, "ये औरत हर मुकदमे की मुद्दई है क्या?"

तिला सगळे हाजीर आत्या म्हणत. पुकारा करणारे चपराशी बडेमियाँ मात्र तिला 'हाजीरबी' म्हणत, आणि ती त्यांना 'वरडमियाँ' म्हणे. दोघांचं दिवसातून एकदा तरी वाजायचं. "अगे बाई, मेरेकू नाम तो पूरा लेने दे!" असं ते पायरीवरून ओरडत, आणि ती लिंबाखालून उलट ओरडे, "तुमचं नाव पुरं हुईस्तवर हिकडं दावा जातुया, त्याचं काय?" आम्ही नवे वकील लोक ओसरीवर उभे राहून हसत असू. आमच्यापाशी हसायला वेळ पुष्कळ होता.

हे हसणं समजायला निजामाच्या कचेरीची रीत ठाऊक हवी. मुलूख बोलणार मराठी आणि कचेरी लिहिणार उर्दू. मुन्शी घाईघाईनं नावं खरडायचा. त्या लिपीत काना-मात्रा बऱ्याचदा वाचणाऱ्यानंच मनानं घालून घ्यायची असते, आणि एखादा ठिपका इकडचा तिकडे झाला की माणूसच बदलतो. धोंडीबाचा दूंदीबा होई, गेनूचा गानो होई. बडेमियाँ इमानानं जे दिसेल ते वाचत. ओ आली नाही की मुन्सफसाहेब कागदावर शेरा मारत, 'अदम पैरवीत खारिज'. म्हणजे दावा लावणारा आलाच नाही, सबब दावा गेला. आणि तो बिचारा दूंदीबा, म्हणजे आपला धोंडीबा, लिंबाखाली भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन आपल्या नावाची वाट बघत संध्याकाळपर्यंत बसलेला असायचा. ज्याला वकील होता, त्याचं काही अडत नसे; वकील आत उभाच असे. जे काही व्हायचं ते वकील न परवडणाऱ्याचं व्हायचं.

ती हाजीर आत्या व्हायच्या आधीची गोष्ट. मी हैदराबादेहून सनद घेऊन नुकता परतलो होतो. कोट नवा, पगडी नवी आणि अशील एकही नाही. एका दुपारी बडेमियाँ एका बाईला घेऊन माझ्यापुढं आले. चाळिशी उलटलेली, उन्हानं रापलेली, कपाळ मोकळं, आणि डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. बडेमियाँ मान खाली घालून म्हणाले, "वकीलसाब, इस बाई का खेत मेरे मुँह से गया. तुम कुछ करो."

तिचं नाव ठकूबाई, नवरा केरबा. धारूरच्या पलीकडे डोंगराच्या पोटात त्यांचं रान होतं. दगडगोट्याचं, ज्वारीचं एकच पीक देणारं, पण स्वतःचं. आणि दोन खणांचं घर. मूलबाळ नव्हतं. केरबा वारला आणि दिरानं सांगितलं की आम्ही भाऊ एकत्रच होतो, रान माझं, तू तुकडा खा आणि गप पड. आता यात कायद्याची मेख अशी, की भाऊ एकत्र असतील तर बिनलेकराच्या विधवेला नुसती अन्नवस्त्राची धनीण करतात. पण भाऊ वेगळे झालेले असतील तर नवऱ्याचं रान ती जिवंत असेपर्यंत तिचं. तेव्हा सगळा दावा एवढ्याच गोष्टीवर उभा होता, की भाऊ वेगळे झाले होते की नाही. वाटणीचा कागद कुणी केला नव्हता. खेड्यात कुणी करतही नसे. ठकूबाईपाशी एकच पुरावा होता. "आमची चूल येगळी व्हती," ती म्हणाली. "सासू व्हती तव्हाच मी माझ्या हातानं मांडली. अख्ख्या गावानं तिच्यावरचं खाल्लंय. इचारा कुनालाबी."

आणि गावानं सांगितलंही असतं. चार माणसं साक्षीला यायला तयार होती. पण साक्षीची वेळच आली नाही, कारण पहिल्याच पेशीला पुकारा झाला तो 'मुसम्मात टीकाबाई बेवा कबीरा' या नावाचा.

"मी हितंच बसलते," ती लिंबाकडे हात करून मला सांगत होती. "भाकर सुदिक सोडली न्हवती, म्हनलं, नाव यील. तर कुन्या टीकाबाईचं नाव आलं. कबीराची रांडाव. मला वाटलं, आसंल कुनी मुसलमानीन. दोनदा वरडले, कुनी उठंना. मीच शेजारच्या बाईला म्हनले, बघ गं बया, कुटं गेली आसंल ही? बिचारीचं समदं जाईल की! वकीलसायब, माझं नाव माझ्या कानावरून गेलं, आन् मीच हळहळत बसले."

मी उगाच म्हणालो, "नाव नीट घ्यायला हवं होतं." त्यावर ती कडवट हसली. "नीट घेतलं आसतं तर लई उजेड पडला आसता! लगीन झाल्यापासनं मला ठकू म्हून कुनी हाक मारलीया? म्हायेर चौसाळ्याचं, म्हून सासरी मी चौसाळकरीन. माझं नाव मलाच इसरायला झालतं."

दावा खारिज झाल्याचं कळताच दिरानं पहिलं काम काय केलं असेल, तर ती चूल फोडली. तिच्या जागी वासरू बांधलं. नवरा गेल्याचं तिनं सरळ सांगितलं होतं, रान गेल्याचंही सांगितलं होतं. चुलीचं सांगताना मात्र ती दोनदा थांबली.

मी अर्ज करायचं ठरवलं. पैरवीअभावी गेलेला दावा पुन्हा नंबरावर घेता येतो, पण गैरहजेरीला सबळ कारण लागतं. मी तिला समजावलं, "आत्या, अगदी सोपं आहे. ताप होता म्हणायचं. वाटेत नदीला पाणी आलं म्हणायचं. रोज दहा जण म्हणतात आणि रोज दहा दावे परत नंबरावर येतात."

"म्हंजी मी न्हवते म्हनायचं?"

"हो."

"पन मी व्हते की."

"होतात हो! पण कायद्याला ते चालत नाही. जो आला नाही त्याला कायदा एक डाव माफ करतो. आलेल्याचं काय करायचं, ते त्यात लिहिलेलंच नाही."

तिनं माझ्या नव्या पगडीकडे बघितलं. मग म्हणाली, "डोंगर उतरून पायपीट करून आले. दीर म्हनतो मी त्या घरात न्हवतेच. मुन्सफ म्हनतो मी कचेरीत न्हवते. आता तुमीबी मलाच म्हनाया लावता, मी न्हवते म्हून? न्हाई बाबा. व्हते. हाजीर व्हते. गैरहाजीर कावून म्हनू?"

मी चिडलो. माझा स्वभाव तसा तापटच, त्यात पहिलाच अशील आणि तोही फुकटचा. पण तिला तसूभरही हलवता आलं नाही. अर्जात खरं तेच लिहिलं. मुन्सफसाहेबांनी विचारलं, "हाजिर थी?" ती म्हणाली, "जी, व्हते." "तो बोली क्यों नहीं?" "ते माझं नाव न्हवतं, सायब." साहेबांनी शांतपणे शेरा मारला. गैरहजेरी नाही, म्हणून गैरहजेरीचं कारणही नाही, म्हणून अर्ज नामंजूर. ओसरीवर आल्यावर मला रडू कोसळलं. ती मात्र मलाच धीर देत होती. मी जिल्ह्याच्या अदालतीत अपील केलं, आणि ते लागायची वाट बघत ती तालुक्यालाच राहिली. जाणार तरी कुठं? माहेरी कुणी उरलं नव्हतं.

कचेरीमागच्या एका घरी ती दळणकांडण करी आणि त्यांच्याच ओसरीच्या कोपऱ्यात पडून राही. स्वयंपाक तीन दगडांवर. घरमालकीण भली होती, म्हणे, "अगं, माती आण, चूल घाल. धुरानं डोळे फुटतील." आत्या म्हणे, "चूल येकदाच मांडली मी. आता मांडीन ती तिथंच." वारा सुटला की ते तीन दगड इकडून तिकडे करत बसायची, पण मातीला हात लावला नाही.

दळण उरकलं की लिंबाखाली येऊन बसायची. आपल्या अपिलाची काही खबर येते का, म्हणून. तिथंच एक दिवस बडेमियाँनी असंच काहीतरी भलतं नाव पुकारलं. कुणी हलेना. शेजारी एक म्हातारा शेतकरी काठीवर हनुवटी टेकून बसला होता, डोळे दाराकडे लावून. आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "हाजीर हाय!" मग धावत त्याच्यापाशी गेली. "बाबा, तुमचं नाव काय? बापाचं काय? कुनावर दावा हाय?" तोच होता. त्याला हाताला धरून आत नेऊन उभा केला. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "इच्यार करून वरडले न्हाई. त्यो मानूस जसा बसलता ना, तशी मी बसलते."

त्या दिवसापासून ही रीतच पडली. ओ दिल्याबरोबर शेरा थांबतो, हे तिनं ओळखलं. तेवढ्या अवधीत ती लिंबाखालच्या माणसांतून वाऱ्यासारखी फिरे. कधी गावाच्या नावावरून पत्ता लागे, कधी बापाच्या. कधी तर ती नुसती तोंडं बघून ओळखे; म्हणे, ज्याचं नाव अजून आलेलं नसतं, त्याला तहान लागलेली असते पण तो पाण्याला उठत नाही. दर वेळी माणूस सापडेच असं नाही. न सापडला की बडेमियाँ पायरीवरून विचारत, "कहाँ है तेरा हाजीर?" आणि ती म्हणे, "याया लागलाय, मियाँ. वाटंत हाय. जरा दम धरा की!" मुन्सफसाहेब रागावत. एकदा तर त्यांनी तिला आवाराबाहेर काढायचा हुकूम दिला. बडेमियाँनी तिला फाटकाबाहेर नेऊन बसवलं आणि पुकारा फाटकाकडे तोंड करून करायला लागले. आवाज तिचा असा, की फाटकातून काय, गावाच्या वेशीतूनही आला असता. चार दिवसांनी साहेबांनीच नाद सोडला.

बायकांची मात्र निराळीच गत होती. नावाचा पुकारा कळला, आत गेल्या, तरी पुढं नवऱ्याचं नाव विचारलं की त्यांच्या तोंडाला कुलूप. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेलं. तेलगावची एक तरणी पोर होती, नवऱ्यानं टाकलेली, खावटीचा दावा लावायला आलेली. नवऱ्याचं नाव मारुती. साहेबांनी विचारलं, "शौहर का नाम?" ही गप्प. तीनदा विचारल्यावर कशीबशी म्हणाली, "शेंदूर लावतेत बगा, त्यो." मुन्शीनं बिनदिक्कत लिहून घेतलं, शौहर का नाम सिंदूर. पुढच्या पेशीला मारुती छाती काढून उभा राहिला आणि म्हणाला की सिंदूर नावाच्या कुठल्याही इसमाशी आपला संबंध नाही. आम्ही खोखो हसलो. पोर मात्र ओसरीच्या खांबाला धरून रडत होती.

आत्यानं तिला लिंबाखाली नेलं. "घे नाव."

"न्हाई वं आत्या, जीभ झडंल."

"त्यानं तुला टाकली तव्हा त्याची झडली का? घे. मोठ्यानं. या लिंबाला ऐकू जाऊ दी."

"तुमी घ्या की आदी तुमच्यांचं."

आत्या उभी राहिली. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. "केरबा!" ती ओरडली. पायरीवरचे बडेमियाँसुद्धा दचकले. मग ती खाली बसली. मातीत बोट ओढत म्हणाली, "जित्तेपनी एकडाव घेतलं न्हाई म्या. त्याला काय वाटलं आसंल, मला त्याचं नावच ठावं न्हाई म्हून. आन् आता कचेरीत वरडत बसले." पण त्या पोरीनं नाव घेतलं. पुढच्या पेशीला आतमध्येही घेतलं, 'मारुती' म्हणून, एवढ्या मोठ्यानं की मारुतीच ओशाळला. मग लिंबाखाली बायकांचा तो शिरस्ताच झाला. पेशीच्या आधी एकेक जण उठून स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं नाव ओरडून म्हणायची. कुणी हसायच्या, कुणी रडायच्या. बऱ्याच जणी दोन्ही करायच्या. जाणारे-येणारे पुरुष कानांवर हात ठेवायचे.

असं करता करता काही वर्षांनी आमचं अपील लागलं. आम्ही बैलगाडीनं बीडला गेलो. वाटेत मी तिला बजावत होतो की विचारतील तेवढंच बोला, खरं तेच बोला. "खोटं कव्हा बोलले?" ती म्हणाली. तिनं सोबत एक लहानसं गाठोडं घेतलं होतं. काय आहे विचारलं तर खपली सुटलेली काळी ढेकळं दाखवली. फोडलेल्या चुलीची माती. "जज्जसायबाला दाखवाया," ती म्हणाली. मी म्हणालो की आज चुलीचा प्रश्न नाही, आज फक्त नावाचा प्रश्न आहे. दावा नंबरावर येऊ दे, मग चूल.

जज्ज म्हातारे होते आणि माणूस भला वाटला. मी जीव तोडून बोललो. हुजूर, नाव असं पुकारलं गेलं की ज्याचं आहे त्याला ते आपलं वाटूच शकत नाही. दिराचा वकील म्हणाला, हा नुसता बहाणा आहे. जज्जसाहेबांनी दोघांकडे बघितलं, दाढी कुरवाळली आणि म्हणाले, "आजमाकर देख लेते हैं." तिला बाहेर न्या, आमचा चपराशी तोच कागद तसाच वाचून पुकारेल. उठली नाही तर वकीलसाहेबांचं म्हणणं खरं.

मी हरखलो. ते नाव आपलं नव्हे, यावर ती पहिल्यापासून ठाम होती. याहून न्याय्य काय असू शकतं? तिला बाहेर नेलं, व्हरांड्यातल्या माणसांत बसवलं. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही, सांगायचं नव्हतंच. चपराशी कागद घेऊन दारात गेला. त्यानं कागद वरखाली करून बघितला, खाकरला आणि लांब सूर काढून पुकारलं, "मुसम्मात टीकाबाई बेवा कबीरा, हाजिर है?"

आणि सवयीप्रमाणं नाव पुरं व्हायच्या आतच बाहेरून तो माझ्या चांगल्या ओळखीचा खणखणीत आवाज आला, "हाजीर हाय!"

दिराचा वकील मोठ्यानं हसला. तोवर ती लगबगीनं दारात येऊन उभी राहिली होती, पदर कमरेला खोचलेला, आणि हात जोडून जज्जसाहेबांना विचारत होती, "कुनाची व्हती जी हाक? मानूस म्हातारं आसंल तर धरून आनते." मी धावत पुढं झालो. हुजूर, ही सगळ्यांनाच ओ देते, तिची सवय आहे, तिनं स्वतःचं म्हणून दिलेली नाही, आत्ताच विचारते आहे बघा कुणाची हाक म्हणून! जज्जसाहेबांनी मुन्शीकडून तिच्या बोलण्याचा अर्थ समजून घेतला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते सावकाश म्हणाले, की जी बाई दुसऱ्याच्या नावालाही हाजीर म्हणते, तिच्या 'हो' म्हणण्याचा भरवसा उरला नाही. आणि जिच्या 'हो'चा भरवसा नाही, तिच्या गप्प बसण्याचा तरी काय धरावा? अपील खारिज.

कायद्याच्या बाजूनं त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही. तेच तर सगळ्यात वाईट होतं.

परतीच्या गाडीत मी तिच्यावर संतापलो. "आत्या, निदान तिथं तरी गप्प बसायचं होतं! एवढी वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली, त्या दिवशी तोंड मिटून बसता आलं नाही?"

ती गाडीच्या मागं पाय सोडून बसली होती. गाठोडं मांडीवर तसंच. ती भांडेल असं मला वाटलं होतं, पण ती अगदी हळू बोलली. "हाक आल्यावर गप कसं बसावं, लेकरा? एकडाव बसले व्हते. तव्हाच तर समदं गेलं." मला तिच्याकडे बघवेना.

गावात पोचल्यावर ती लिंबाखाली गेली नाही, सरळ घरमालकिणीच्या ओसरीवर गेली. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची विचारपूस करायला गेलो, तर हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. कोपऱ्यात ओली चूल होती. गाठोड्यातली काळी ढेकळं कुटून तिनं नव्या मातीत कालवली होती. घरमालकीण दाराआड उभी राहून डोळ्याला पदर लावत होती. मला वाटतं, त्या बाईला तिच्या रानातून खरं बाहेर काढलं ते त्या दिवशी.

आता ही लिंबाखाली पुन्हा बसायची नाही, असं मी धरून चाललो होतो. पण आठवडा गेला आणि एका सकाळी पुकाऱ्यापाठोपाठ आवाज आला, "हाजीर हाय!" बडेमियाँनी कागद खाली केला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. ती पुढं आणखी काही वर्षं बसली. आवाजाला पहिली धार राहिली नव्हती. स्वतःच्या रानाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. मी एकदा हैदराबादच्या मोठ्या अदालतीची गोष्ट काढली तर म्हणाली, "तिथला चपराशी मला आनिक कुनाची बायको करील. ऱ्हाऊ द्या. तुमी हितल्यांचं बघा." म्हणून मी इथल्यांचं बघायला लागलो. लिंबाखालच्या माणसाकडून फी घ्यायची नाही, हा माझा नेम तेव्हापासूनचा. त्यात माझा मोठेपणा नाही. तिच्या समोरून ती फी घेऊन जायची माझी छाती झाली नसती.

तापाच्या साथीत ती गेली. दोन दिवस अंथरुणावर होती. शुद्ध हरपल्यावरही मधूनच "हाजीर हाय" म्हणून उठून बसायची, आणि घरमालकीण तिला धरून निजवायची. दिराला निरोप धाडला होता, तो आला नाही. त्याला यायची गरजही नव्हती. दावा जिंकली असती तरी तिच्या मागं ते रान कायद्यानं त्याच्याकडेच जायचं होतं. तिला ते फक्त जिवंत असेपर्यंत हवं होतं.

तिला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी कचेरी नेहमीसारखी उघडली. लिंबाखाली माणसं नेहमीसारखी बसली होती. बडेमियाँ पायरीवर आले. त्यांच्या हातात कागद होता, पण ते त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांनी लिंबाकडे तोंड केलं आणि यादीत नसलेलं एक नाव पुकारलं. स्वच्छ, एकेक अक्षर सुटं करून.

"ठकूबाई! केरबाची ठकूबाई, चौसाळकरीन!"

कुणी ओ दिली नाही. ते थांबले. आत मुन्सफसाहेबांचीही लेखणी थांबली असावी, कारण कुणी काही विचारलं नाही. मग बडेमियाँनी कागद बघून दिवसाचं पहिलं नाव घेतलं, काहीतरी दूंदीबासारखं, आणि सवयीनं पुन्हा थांबले. लिंबाखालीही सगळे थांबले होते. तेव्हा ते म्हातारे बडेमियाँ, ज्यांनी सगळ्या नोकरीत पुकारा चालू असताना पायरी कधी सोडली नव्हती, एक एक पायरी उतरून खाली आले, आणि लिंबाखालच्या एकेका माणसापुढं वाकून विचारायला लागले, "बाबा, तुमचं नाव काय?"